घोटलेला डाव

“ऊठ.”

मी उठले.

“बस.”

मी बसले. सासरे परड्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. सुनेच्या अंगाकडे सासऱ्यानं बघायचं नसतं, म्हणून ते नुसता हुकूम सोडत होते. छडी माझ्या नवऱ्याच्या हातात होती. उठायला उशीर झाला की ती पोटरीवर बसायची.

“ऊठ.”

या वेळी मला उठता येईना. मांड्यांत निखारे भरल्यासारखं झालं होतं. मी दोन्ही हात जमिनीला टेकले.

“मामा, आता न्हाई होत.”

“होतंय. दुखतंय तिथंच रगडायचं असतंय,” सासरे भिंतीला म्हणाले. “तालमीत रडत आलेली पोरं उद्या मैदान मारून जात्यात. ऊठ.”

छडी बसली. मी हलले नाही. पुन्हा बसली, आधीच्याच वळावर.

“सगळं सोंग हाय, आबा,” नवरा म्हणाला. “जेवायच्या वक्ताला बरी उठतीया.” आणि त्यानं माझ्या पाठीत लाथ घातली. मी तोंडावर पडले. दातांत माती गेली.

“काय झालं रे?” सासऱ्यांनी मान न वळवता विचारलं.

“काय न्हाई. बसलीया जरा.”

माजघराच्या खिडकीत माझी लेक वैजू उभी होती. आठ वर्षांची. दोन्ही हातांनी गज धरून ती बघत होती. मी तिला डोळ्यांनीच आत जा म्हटलं. ती गेली नाही.

या गोष्टीला आता तीस वर्षं उलटून गेली. सासऱ्यांना सारा गाव सखोबा वस्ताद म्हणायचा. घरासमोर गल्लीपलीकडे त्यांची तालीम. पंचगंगेकाठच्या गावांतले कितीतरी पैलवान त्यांच्या हातचे. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास पहाटे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. इतकं सगळं होऊनही तो वास मला आजही आवडतो, याचं माझं मलाच नवल वाटतं.

माझं दुखणं सुरू झालं ते चैत्रातल्या जत्रेनंतर. आधी मान, मग खांदे, मग कंबर, मांड्या, कोपर. पाऊसपाणी संपेपर्यंत अंगावर न दुखणारी अशी एक जागा उरली नाही. रात्री झोप लागायची नाही, लागली तरी सकाळी कुणीतरी रात्रभर बडवल्यासारखी मी उठायची. घागर हातातून निसटायची. बोलता बोलता शब्द विसरायचे. सासूनं देवऋषी आणला. त्यानं माझे केस धरून, ‘बोल, कोण हाईस तू?’ असं विचारत लिंबाच्या फोकांनी झोडपलं. अंगात कुणी असतं तर त्या दिवशी नक्की निघून गेलं असतं. दिवाळीनंतर एका म्हाताऱ्यानं सळई तापवून कमरेवर डाग दिले. डागांच्या जखमा भरल्या, दुखणं तिथंच राहिलं.

मग नवरा म्हणाला, “जत्रेपतोर बघतो. न्हाई सुधारली तर म्हायेरी नेऊन टाकतो. पोरगी हितंच ऱ्हाईल. दुसरी आणतो.”

माझे आईवडील तेव्हा नव्हते. भाऊ मला ठेवून घेणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण मला त्याची भीती नव्हती. वैजूला त्या घरात एकटी सोडून जायची भीती होती.

शेवटी सासऱ्यांच्या सांगण्यावरून नवरा मला मोटारसायकलवर घालून मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले, बोटांनी अंगभर दाबून पाहिलं. मी किंचाळले तशा त्या थांबल्या.

“हाडात काही नाही, रक्तातही नाही,” त्या म्हणाल्या. “याला फायब्रोमायल्जिया म्हणतात.”

“म्हंजे सोंग,” नवरा म्हणाला.

“सोंग नव्हे. अंगाला काही झालं की मेंदूत घंटा वाजते ना, ती यांच्या बाबतीत थांबतच नाही. जरा धक्का लागला तरी जोरात वाजते.”

“कशानं झालं?”

“एकच कारण सांगता येत नाही. कुणाला अपघातानंतर होतं, कुणाला मोठ्या आजारपणानंतर. कुणाला सतत धास्तीत राहून, झोप उडून. कुणाच्या घराण्यातच असतं. कुणाला का होतं ते कळतही नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्याआधी काही घडलं होतं का हो, बाई?”

“काय घडतंय?” उत्तर नवऱ्यानं दिलं. “खाऊनपिऊन सुखी.”

मी पदराच्या काठाकडे बघत राहिले.

“बरं,” बाई म्हणाल्या. “झोपेसाठी गोळी देते. पण खरं औषध व्यायाम. चालणं चांगलं. थोडं, रोज, झेपेल एवढंच. ते अंगवळणी पडलं की चिमूटभर वाढवायचं. घाई केली तर…”

नवरा ‘व्यायाम’ या शब्दापर्यंतच ऐकत होता. तो मोठ्यानं हसला. “व्यायाम? मग पेट्रोल जाळून मिरजेला कशाला आलो? माझा बाप वस्ताद हाय!”

अशी मी परड्यात आले.

त्या दिवशी लाथ खाऊन पडले ती माजघरात अंथरुणालाच खिळले. कूस बदलायची तरी रडू यायचं. नवरा बेळगावकडच्या कुस्तीच्या मैदानांना निघून गेला. जाताना उंबऱ्यातून म्हणाला, “मी येईपतोर गठुडं बांधून ठेव.”

सासरे दाराबाहेर पाठ करून बसले आणि सासूला म्हणाले, “तेल घे. मी सांगतो तिथं बोट दाब.”

पैलवानाचं अंग बोटांनी वाचणारा माणूस तो. खांदा निखळलेला असो की शीर आखडलेली, हात लावला की सांगायचे. पण सुनेला हात लावता येत नव्हता, म्हणून सासूची बोटं उसनी घेतलेली.

“मानेच्या बुडाला दाब.”

मी ओरडले.

“गाठ लागतीया का?”

“न्हाई,” सासू म्हणाली.

“सूज?”

“न्हाई. मऊसूत हाय.”

“कोपराच्या आतल्या अंगाला. आता गुडघ्याच्या आत. आता दुसऱ्या गुडघ्याच्या.”

मी प्रत्येक ठिकाणी ओरडले. मग सासरे म्हणाले, “तिचं तोंड भिंतीकडं कर. आता मागंपुढं करून दाब. मी सांगितलेली जागा दाब, न सांगितलेलीबी दाब. तिला कळू देऊ नको.”

सासूनं तसं केलं. कधी पोटरी, कधी मान, कधी नडगी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी सासूच म्हणाली, “पुरं आता. पोर मरंल.”

“ओरडली कुठं कुठं?”

“मघाच्याच जागांवर. डाव्या-उजव्या दोन्हीकडं सारखंच.”

“मग सोंग न्हाई,” सासरे म्हणाले. “कुस्ती टाळायला सोंग करणारी पोरं मी जन्मभर बघितलीत. सोंगाड्या एक जागा धरून बसतोय, आन् तीबी दुसऱ्या दिवशी इसरतोय.” मग त्यांनी विचारलं, “शेवंते, कवापासनं गं हे?”

“जत्रेपासनं.”

“जत्रेत काय झालं?”

सासूचा हात माझ्या पाठीवर थांबला. जत्रेत काय झालं ते साऱ्या गावाला माहीत होतं. माझा नवरा, रंगराव पैलवान, मैदानात हरला होता. सांगलीकडच्या एका कोवळ्या पोरानं त्याच्या मानेवर गुडघा रोवून त्याला उलटा केला होता. घुटना म्हणतात त्या डावाला.

“बोल,” सासरे म्हणाले. “मी भिंतीकडंच बघतोय.”

मी भिंतीला सांगितलं. त्यांच्याही पुढ्यात भिंत, माझ्याही.

त्या दिवशी सासू वैजूला घेऊन देवळात गेली होती. मी चुलीपुढं होते. दिवेलागणीला तो आला. अंगावरची माती तशीच. मला मानेला धरून त्यानं माजघरात ओढलं. म्हणाला, उभी ऱ्हा. मी उभी राहिले. त्यानं मला खाली घेतलं, मानेवर गुडघा रोवला आणि दंड पिरगाळून उलटी केली. डोकं जमिनीवर आपटलं. मला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला, ऊठ. उठले की पुन्हा. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास येत होता. मी पाय धरले, तर त्यानं पायानंच मला सरळ केलं. कधी त्याच्या मनासारखं व्हायचं नाही, मग तो स्वतःशीच म्हणायचा, ‘न्हाई, गुडघा वर पायजे,’ आणि गुडघा वर घ्यायचा. मी ओरडले तेव्हा तोंडावर पंजा दाबला. ‘पैलवान वरडत न्हाई.’ शेवटी शेवटी मला उठता येईना, तर केसांना धरून उठवायचा. सासू परतली तेव्हा मी चुलीपाशी बसून करपलेली भाकरी खरवडत होते. तो अंघोळ करून जेवायला बसला होता.

“पाडताना काय म्हणत हुता?” सासऱ्यांचा आवाज बदलला होता.

“म्हणत हुते, घोटून काढतो.”

बाहेर त्यांच्या पायाला लागून तांब्या लवंडला, त्यातलं पाणी उंबऱ्यावरून आत आलं. सासरे निघून गेले होते.

सासूनं माझा पदर सारखा केला. मग म्हणाली, “मला वाटलं हुतं, दोन मुस्काडीत दिल्या असतील. पुरुष देत्यात.” आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सासरे पुन्हा दाराशी येऊन बसले. “डॉक्टरीण काय म्हणाली ते समदं सांग. रंगानं सांगितलं ते नको.”

मी सांगितलं. थोडं, रोज, झेपेल एवढं, मग चिमूटभर.

मग मला कुठून धीर आला कोण जाणे. मी विचारलं, “मामा, तालमीत नवं पोर आलं तर पहिल्या दिवशी काय देता?”

“पहिल्या दिवशी? काय न्हाई. हौदाभवतीनं चालवतो. दम बघतो. पहिल्याच दिवशी मोडला तर दुसऱ्या दिवशी पोर येतंय व्हय?”

“मग मला बैठका का दिल्या?”

सासरे उठता उठता म्हणाले, “उठाय लागलीस की तालमीत ये.”

“अवो, बाईमाणूस तालमीत?” सासू घाबरली. “मारुती कोपंल!”

“मारुतीला मी सांगतो. गल्लीत नुसती चालाय लागली तर शंभर लोकं इचारतील, कुठं निघालीस. तिथं मी सोडून कोण इचारणार न्हाई.”

पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तेव्हा जोर मारणारे पैलवान तसेच हातावर थिजले. कुणी लंगोटावर टॉवेल ओढला, कुणी खांबामागं लपला.

“काय बघताय?” सासरे गरजले. “नवं पोर हाय. मारा जोर!”

हौद म्हणजे मातीचा चौकोन, त्याच्याभोवती फरशीची वाट. त्या वाटेनं मी एक फेरी घातली आणि खांबाला धरून उभी राहिले.

“आणिक एक घालू का?”

“नको. उद्या.”

“आता झेपतंय, मामा.”

“झेपतंय तवाच थांबायचं.”

आठवडाभर तेवढंच. मग दोन. अंग दुखायचंच, पण आधी झोप परत आली. मग एकदा वैजूची वेणी घालताना माझ्या लक्षात आलं की हात खाली न आणता वेणी पुरी झाली. मला इतका आनंद झाला की सुटलेल्या वासराच्या मागं मी गल्लीभर धावले. त्याची शिक्षा म्हणून पुढचे दोन दिवस अंथरुणात काढले. सासरे दाराबाहेरून ओरडले, “कुणी सांगितलं हुतं धावाय?” तेव्हा मला कळलं की माझं अंग चालणं कबूल करतं, धावणं नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी मी फेरी घालत असताना तालमीच्या दारात सावली पडली. नवरा. खांद्यावर पिशवी तशीच, एसटीतून उतरून थेट आलेला. त्याला कुणीतरी रस्त्यातच सांगितलं असणार.

“बाई? मातीत?”

पिशवी टाकून तो सरळ माझ्याकडे आला. माझी वेणी त्यानं हाताला गुंडाळली आणि हिसडा दिला. मी गुडघ्यांवर आदळले. फरशीवरून मला ओढत त्यानं हौदाच्या कडेला नेलं. टाळूवरचे केस उपटल्याचा आवाज मला कानांच्या आतून ऐकू आला.

“रंगा, हात काढ,” सासरे म्हणाले.

“ह्यो घरचा मामला हाय. तुमी बोलू नका.”

“घरचा हाय म्हणूनच बोलतोय. हात काढ.”

त्यानं माझं तोंड मातीत दाबलं. सासऱ्यांची छडी त्याच्या मनगटावर बसली. दुसरी गालावर बसली, तिथून रक्त आलं. वेणी सुटली. मी बाजूला सरकले आणि वर बघितलं तो नवऱ्यानं बापाला कमरेला धरून उचललं होतं. जवळजवळ सत्तरीचा माणूस. वाळला ऊस मोडावा तसा आवाज झाला. सासरे हौदात खांद्यावर पडले होते आणि त्यांचा हात भलत्याच बाजूला वळला होता.

सगळी तालीम दगड झाली. बापाला मातीत आपटलेला मुलगा त्यांनी कुणीच पाहिला नव्हता. नवराही क्षणभर आपल्याच हातांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

“बस फेऱ्या मारत. मी पोरगी घेऊन चाललो. पुन्हा दिसायची न्हाई तुला.”

तो दाराबाहेर पडला. मी उठले. धावायला पहिलं पाऊल उचललं आणि मागून सासऱ्यांचा आवाज आला. दात आवळून, तुटक.

“शेवंते! धावू नको. पडशील. चाल!”

त्या गल्लीइतकी लांब वाट मी पुढे कधी चालले नाही. पलीकडे घरातून भांडी पडल्याचा आवाज आला, सासूचा ओरडा आला, मग वैजूचा. अंगातलं सगळं रक्त म्हणत होतं, धाव. गुडघे फुटले होते, मानेत सुया शिरत होत्या. धावले असते तर गटारापाशीच कोसळले असते आणि तो मला ओलांडून गेला असता. मी चालले. फेरीत टाकायची तसंच पाऊल, श्वास सोडत. दारापाशी पोचले तेव्हा मी उभी होते.

तो वैजूला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढत होता. मी तिचा दुसरा हात धरला.

“सोड,” तो म्हणाला.

मी सोडला नाही. त्यानं हिसका दिला. खांद्यापासून टाचेपर्यंत कळ गेली, डोळ्यांपुढं पांढरं झालं. तरी मी हात सोडला नाही.

“सोड, न्हाईतर मोडून पडशील!”

“मोडू दे.”

त्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. माझा एक दात त्या दिवशी गेला. मी वैजूच्या मनगटाला दोन्ही हातांनी धरलं. मागं पैलवान येऊन उभे राहिले होते. त्यांच्यातलं कुणी पुढं झालं नाही. पुढं झाली ती सासू. कपाळाला खोक पडलेली, हातात काही नाही. ती मुलाच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली.

“रंगा, सोड पोरीला.”

“आई, तू बाजूला हो.”

“मी हिचं अंग दाबलंय रं. कुठं कुठं दुखतंय ते माझ्या बोटांस्नी ठावं हाय. एवढं सोसून उभी ऱ्हायलीया. ती न्हाई सोडायची. मारून टाक, तरी न्हाई सोडायची. मग मलाबी मार, बापाला मारलंसच. आन् जा.”

तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही. पण सगळ्या गल्लीनं ऐकलं. नवऱ्यानं आईकडं बघितलं, मागच्या पैलवानांकडं बघितलं. ते त्याच्याच जोडीचे होते. आता कुणी त्याच्या नजरेला नजर देईना. वैजूच्या दंडावरची त्याची बोटं एकेक करून सुटली.

तो गेला. इचलकरंजीला कुठंतरी यंत्रमागावर कामाला लागला, दुसरा संसार केला, असं पुढं कानावर आलं. तालमीत त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही. जत्रा आली आणि गेली. मला कुणी माहेरी धाडलं नाही.

माझं दुखणं गेलं का, असं लोक अजून विचारतात. गेलं नाही. थंडीत अजूनही डोकं वर काढतं, एखादी रात्र खाऊन टाकतं. पण मी त्याच्याबरोबर चालायला शिकले. वैजूचं लग्न करून दिलं, सासूचं शेवटचं सगळं केलं.

सासऱ्यांचा खांदा पहिल्यासारखा झाला नाही. हात झोळीत घालून ते तालमीत यायचे, आणि मग माझ्याबरोबर तेही फेऱ्या घालायला लागले. मी पुढं, ते मागं. सासरा-सुनेनं बरोबरीनं चालायची रीत नव्हती.

त्या उन्हाळ्यात एकदा चालता चालता ते म्हणाले, “शेवंते, जत्रेदिवशी मैदान उठल्यावर, कुणी नसताना मी रंगाच्या मुस्काडीत मारली हुती. ठावं हाय तुला?”

“न्हाई, मामा.”

“म्हणलो, घरी जा. घावंल त्याला धर आन् ह्यो डाव घोटून काढ. घोटल्याबिगर तोंड दावू नको.”

मी चालत राहिले.

“दुसऱ्या दिवशी आला. म्हणाला, आबा, घोटला.” त्यांचा श्वास मागं ऐकू येत होता. “मी त्याची पाठ थोपटली.”

हौदातली माती नुकतीच खणलेली होती. एका कोपऱ्यात दोन पोरं खांद्याला खांदा लावून रेटत होती. सासऱ्यांची पावलं मागं पडत चालली, मग थांबल्यासारखी झाली. मी वळून बघितलं नाही. पाऊल तेवढं लहान केलं आणि ती पुन्हा माझ्या मागं वाजायला लागेपर्यंत तशीच चालले.